रेणुकासाठी एक लॉलीपॉप

“मी नॉनव्हेज नाही खात, मॅडम. आमच्या घरी कोणीच खात नाही,” असं धम्मरत्न म्हणाला आणि मेनूकार्डावरून फिरणारं पुष्पांजली मॅडमचं बोट होतं तिथंच थांबलं. “अरे वा!” त्या म्हणाल्या. “वाटत नाही हो तुमच्याकडे पाहून.” धम्मरत्न हसला. ओठातल्या ओठात नाही, चांगला दात दाखवून हसला, आणि म्हणाला, “सगळे असंच म्हणतात, मॅडम.” टेबलाच्या टोकाला, भटारखान्याच्या दाराकडे तोंड करून बसलेल्या रेणुकाने मान वर केली. ‘वाटत नाही’ हे वाक्य कधीतरी आपल्याला ऐकावं लागेल म्हणून ती तीन वर्षं भीत होती. ते टाळण्यासाठी तिने काय काय गिळलं होतं ते तिचं तिला ठाऊक. आणि आठ दिवसांपूर्वी रुजू झालेल्या या माणसाने ते हसत हसत घेतलं, वर आणखी मान तुकवली. भगवानराव साहेबांनी खुर्ची जराशी सरकवून त्याला आपल्या शेजारी जागा केली. “ये, इकडे बस आमच्याकडं. तिकडं कोपऱ्यात काऊन बसला?” तिकडं म्हणजे रेणुकाच्या शेजारी. धम्मरत्न उठला आणि गेला.

चिखलीहून मेहकरच्या रस्त्याला लागलं की पत्र्याची एक लाल शेड लागते. पाटीवर ड्रॅगन आहे, पण रंगाऱ्याने त्याला मिशा चांगल्या पैलवानाच्या काढल्या आहेत. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, वर हिरवी जाळी, आणि मेनूकार्डात शेजवान राईसच्या खालीच शेवभाजी आणि भाकर. बियाण्यांच्या कंपनीची उगवण तपासणारी प्रयोगशाळा इथून दहा मिनिटांवर. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लॉटचे रिपोर्ट सह्या होऊन निघाले की दुपारी सगळ्यांनी मिळून इथं जेवायला यायचं, असा भगवानरावांनी घालून दिलेला पायंडा. सगळे म्हणजे इनचार्ज भगवानराव, सीनियर टेक्निशियन पुष्पांजली मॅडम, ज्युनियर रेणुका, आणि या महिन्यापासून धम्मरत्न. कोणी काय खायचं ते पुष्पांजली मॅडम ठरवतात. कार्ड त्यांच्याच हातात असतं. दुसऱ्या कोणाच्या हातात ते गेलेलं रेणुकाने पाहिलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसे ताटाला न विचारता वाढत जातात तसं त्या सांगत जातात आणि वेटर लिहीत जातो.

“दोन मनचाव, वन बाय टू करजो,” त्या वेटरला सांगत होत्या. “व्हेज हं. दोन फ्राईड राईस, एक हक्का नूडल्स, एक गोबी मंचुरियन ग्रेव्हीचं, मोठ्या बाऊलमध्ये. अन् कढई धुऊन घ्याले सांगजो भाऊ, आमचं पाळणं असते. साहेब माळकरी हायेत.” मग नेहमीप्रमाणे, सूर जरासा खाली आणून, औषधाचं नाव सांगावं तसं: “अन् रेणुकासाठी एक लॉलीपॉप. चिकन फ्राईड राईस हाफ. एक चिकन सूप.” वेटरचं पेन चालत होतं. त्या पेनाकडे पाहत रेणुका मनात म्हणाली, आता. आता बोललं तर बोललं. पण आता बोलणं म्हणजे धम्मरत्नच्या मागोमाग बोलणं होतं. त्याला ‘अरे वा’ मिळालं ते पाहून हिनेही हात पसरला, असं झालं असतं. पेन थांबलं, कागद फाडला गेला, वेटर आत गेला. धम्मरत्नवर तिला इतका राग आला की टेबलाखाली तिच्या पायाचा अंगठा चपलेत वळला.

तीन वर्षांपूर्वीची पहिली वेळ तिला शब्दाशब्दानिशी आठवत होती. तेव्हा तिला नोकरीला लागून महिना झाला होता आणि चिखलीत खोली मिळूनही तेवढेच दिवस. खोलीचं आधी सांगायला हवं, कारण त्या खोलीमुळेच सगळं झालं. मालकीण अन्नपूर्णाबाई. दार उघडल्या उघडल्या त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावरचं हसू पदराने पुसल्यासारखं गेलं. “घरात काही असं-तसं शिजवत तं नाहीस ना बाई?” असं त्यांनी विचारलं. रेणुका म्हणाली, “नाही. मी खातच नाही.” अन्नपूर्णाबाई खुलल्या. लगेच चहा टाकला. “तू वेगळी हायेस मग,” म्हणाल्या. खोली मिळाली. रेणुका जिना उतरली आणि खाली नळाजवळ उभी राहिली. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तरी खरं बोलून लाच दिल्यासारखं तिला वाटत होतं, आणि लाचेत दिलं होतं ते तिच्या एकटीचं नव्हतं. डोणगावच्या आपल्या वस्तीतल्या घराघरातल्या चुली तिने देऊन टाकल्या होत्या. त्या दिवशी तिने ठरवलं की पुन्हा हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. म्हणून महिनाभराने याच टेबलावर पुष्पांजली मॅडम म्हणाल्या, “रेणुका, तू तर खातच असशील ना? तुझ्यासाठी वेगळं सांगते, लाजू नको,” तेव्हा ती मान ताठ करून म्हणाली, “हो, सांगा ना.” किती बरं वाटलं होतं तेव्हा! दहा मिनिटं. लॉलीपॉप येईपर्यंत.

तिला ते आवडत नाही, एवढीच साधी गोष्ट. त्यात धर्म नाही, दया नाही, व्रत नाही. नऊ वर्षांची असताना सुलतानपूरला मावशीच्या घरच्या लग्नात जेवताना तिच्या घशात हाडूक अडकलं. बायकांनी पाठीवर धपके घातले, कोणी भाताचे गोळे कोंबले, कोणी केळं. डोळे पांढरे झाले म्हणतात. हाडूक कधी खाली गेलं ते तिला आठवत नाही, पण रस्सा, घाम आणि बायकांच्या हातातल्या बांगड्यांचा वास एकत्र होऊन जो काही तिच्या नाकात बसला तो बसलाच. पुढच्या रविवारी तिने ताट सरकवलं. आईने, भिमाबाईने, तिच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला. बाप मात्र जेवायचा थांबला. शंकरराव डोणगावचे पोस्टमन. शांत माणूस, पंचक्रोशीत कोणाशी भांडण नाही. ते म्हणाले, “कोण्या मैत्रिणीच्या घरी शिकून आली हे?” आई म्हणाली, “घशात अडकलं होतं तिच्या, पोरगी भ्याली.” बाप म्हणाला, “भ्याली तं पाणी पे म्हणा. सोडून काऊन देते? कोणाले दाखवाचं हाये?”

बापाचा तो राग तिला पुष्कळ वर्षांनी समजला, आणि समजला तेव्हा फार उशीर झाला होता. शंकरराव सातवीत असताना शाळेची सहल लोणारला गेली होती. विवराच्या काठावर झाडाखाली सगळ्यांनी डबे सोडले तेव्हा मास्तर त्यांना म्हणाले, “तू तिकडं बसून खाय, तुह्या डब्यात काय असते काय माहीत.” डब्यात भाकर आणि ठेचा होता. बस्स, भाकर आणि ठेचा. पण तो डबा उघडून दाखवावा असं त्या मुलाला वाटलं नाही. तो दिवसभर उपाशी राहिला आणि संध्याकाळी बसमध्ये चढताना डबा दगडांत भिरकावून आला. त्या डब्यापायी घरी मारही खाल्ला. तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं की आपल्या ताटात जे असेल ते चारचौघात, झाकण न घालता खायचं. हे त्यांनी रेणुकाला सांगितलं ते ती डिप्लोमाला बाहेर निघाली तेव्हा, एसटी स्टँडवर, गाडी लागलेली असताना. त्याआधी दहावीपर्यंत दर रविवारी ते न बोलता तिच्या ताटात एक तुकडा ठेवत, आणि ती न बोलता तो आईच्या ताटात सरकवे. घरातल्या त्या मुक्या भांडणात कोणी कधी जिंकलं नाही. आणि इथं, या लाल पत्र्याखाली, बापाचा डबा आपण उघडून दाखवतो आहोत अशा समजुतीने तिने ‘हो, सांगा ना’ म्हटलं होतं. बापाला कळलं असतं तर तो खूश झाला असता की हसला असता, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही. घरी तिने सांगितलंच नव्हतं. शनिवारी इथं जेवून ती रविवारी डोणगावला जायची तेव्हा भिमाबाई म्हणायची, “काऊन वं, जेवत काऊन नाहीस?” मग ती ओवा मागायची.

सूप आलं. व्हेज मनचावचे चार कप पुष्पांजली मॅडमनी आपल्या बाजूला ओढले. एक जास्तीचा होता तो “साहेब घेतील” म्हणून साहेबांपुढे सरकला. रेणुकाचा वाडगा तिच्यापुढे एकटा, पूर्ण, भरून आलेला. तिच्याबरोबर वन बाय टू करायला कोणी नाही म्हणून गेली तीन वर्षं तिला सूप पूर्ण मिळत होतं. “मजा हाये बा रेणुकाची,” भगवानराव दर वेळी म्हणत, तसं आजही म्हणाले. पुष्पांजली मॅडम दर वेळी हसत, तशा आजही हसल्या. धम्मरत्नही हसला. रेणुकाने चमच्याने सूप ढवळलं. वर तेलाचे बारीक डोळे तरंगत होते. तिने दोन चमचे घेतले आणि बाकीच्यात चमचा नुसता फिरवत राहिली.

तिच्या खुर्चीला एक फायदा होता, आणि तो तिने कोणालाही सांगितला नव्हता. भटारखान्याचं दार तिच्या समोर यायचं. दाराला पडदा होता, पण तो कायम खिळ्याला अडकवलेला. आत अमडापूरकडचा एक लांब हाताचा माणूस एकाच काळ्याभोर कढईसमोर उभा असे. आधी तो तिचं चिकन परतायचा. मग मगभर पाणी ओतायचा, काथ्याच्या झाडणीने आत एक फेरा मारायचा, पाणी मोरीत फेकायचा, आणि त्याच कढईत, भडकलेल्या जाळावर, माळकऱ्यांचा भात उडायला लागायचा. आजही तेच झालं. “कढई धुतली ना भाऊ?” पुष्पांजली मॅडमनी इथूनच हाक दिली. “हाव ताई, एकदम चकाचक,” आतून आवाज आला. तीन वर्षं या जेवणातला हा एवढाच घास रेणुकाला गोड लागत आला होता. आपल्याला कोपऱ्यात बसवून हे लोक काय खातात ते एकटी आपणच पाहतो. किती हलकं आहे हे, किती क्षुद्र, असंही तिला वाटायचं. पण त्या पाच मिनिटांत ती पुष्पांजली मॅडमच्या तोंडाकडे पाहत राहायची, घास आत जाताना, आणि तिला बरं वाटायचं. आज नाही वाटलं. आज त्या तोंडांमध्ये धम्मरत्नचं तोंड होतं आणि तो मन लावून जेवत होता.

त्याची नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता, ते आठवून तिला स्वतःची शरम वाटली. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून सोयाबीनचे शंभरातले किती दाणे उगवले ते मोजता मोजता पुष्पांजली मॅडमनी नाव वाचलं होतं, आणि रेणुकाची मोजणी चुकली होती. त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तिला वाटलं होतं, आता टेबलाच्या या टोकाला दोन खुर्च्या होतील. दोघं मिळून त्या प्लेटकडे पाहू, कधी एकमेकांकडे पाहू, बोलावं लागणार नाही. तो आला, तिला ‘रेणुकाताई’ म्हणू लागला, तिच्या हाताखाली ट्रेमधल्या वाळूला पाणी किती मारायचं ते शिकला. आणि आज एका वाक्यात पलीकडे जाऊन बसला. त्याने काय चूक केली होती? काही नाही. तो खात नाही, तो म्हणाला, खात नाही. जे तिला जमलं नाही ते त्याला पाण्याचा ग्लास उचलावा इतकं सहज जमलं. त्याचाच तिला राग येत होता. एवढं सोपं होतं तर मग आपण तीन वर्षं काय केलं?

“हां, इकडं नको, तिकडून घे भाऊ, तिकडून,” पुष्पांजली मॅडम म्हणाल्या. लॉलीपॉप आलं होतं. मॅडमनी पर्समधून वर्तमानपत्राचं पान काढलं, ते नेहमी असतंच, आणि रेणुकाच्या पुढ्यात अंथरलं. त्यावर हाफ चिकन राईस आणि लॉलीपॉपची प्लेट. प्लेटमध्ये कोंबडीचे सहा तुकडे, लालभडक, देठांना चांदीचा कागद गुंडाळलेला. त्यांचा चमचा तिकडे जाऊ नये आणि हिचा इकडे येऊ नये म्हणून मधे पाण्याचा जग. गोबी मंचुरियनचा मोठा बाऊल जगाच्या पलीकडे. त्याच्यावरची कांद्याची पात तिला इथूनही दिसत होती. ते मंचुरियन तिने कधीच खाल्लं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने हात पुढे केला होता, तेव्हा मॅडम अगदी प्रेमाने म्हणाल्या होत्या, “अगं थांब, तुझा चमचा चिकनचा हाये ना.” पुन्हा तिने हात केला नाही.

तिने एक तुकडा उचलला. दातांनी कडेचं थोडं सोललं. आत नेहमीचा तो वास. घशाने नेहमीसारखी दारं लावून घेतली. पाणी, घास, पाणी, घास. चेहरा आवडीने खाणाऱ्या माणसाचा ठेवायचा. ही विद्या तिला आता चांगली आली होती. एक संपला. दुसरा घेतला. तेवढ्यात भगवानरावांनी इकडेतिकडे पाहिलं, शेडमध्ये ओळखीचं कोणी नाही याची खात्री केली, आणि जगावरून हात लांब केला. “रेणुका, एक उचलू का वं? डॉक्टरनं प्रोटीन सांगतलं मले. चव पायतो फक्त.” उत्तराची वाट पाहायची पद्धत नव्हती. एक उचलला. मग दुसरा. मग तिसरा. गळ्यातली माळ शर्टाच्या कॉलरीत नीट सरकवून ते खात होते, हाडकाच्या टोकापर्यंत, चोखून. चौथा उचलताना मात्र धम्मरत्नला डोळा मारून म्हणाले, “हे टेबलावरचं टेबलावरच ठेवजो बरं, बापू. घरी समजलं तं आमची मंडळी गंगेले पाठवन मले.” धम्मरत्न म्हणाला, “नाही नाही, साहेब.” पुष्पांजली मॅडम दुसरीकडे पाहत नूडल्स गुंडाळत होत्या. दुसरीकडे पाहण्यात त्या मुरलेल्या होत्या.

लॉलीपॉप रेणुकाच्या नावाचं होतं म्हणूनच ते दर महिन्याला या टेबलावर येत होतं, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं. एकदा ती तापाने आली नव्हती, त्या महिन्यात भगवानरावांनी जेवणच पुढे ढकललं. तेव्हा तिला हसू आलं होतं. तिला वाटलं होतं, आपली यांना गरज आहे. आज समोर चोखून पांढरी केलेली हाडं पाहताना तिला हसू येईना. हा माणूस तिच्या नावावर खात होता, ती त्याच्यासाठी मळमळ गिळत होती, आणि या सगळ्याला ती मनातल्या मनात बापाचा डबा म्हणत आली होती. आपल्या वेडेपणाची तिला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. “तिखट हाये का वं?” पुष्पांजली मॅडमनी विचारलं. “हो,” ती म्हणाली.

मग फोटो. दर महिन्याला फोटो निघे आणि ग्रुपवर जाई. हेड ऑफिसचे लोक पाहत, घरचेही पाहत. फोटोआधी भगवानराव आपली प्लेट साफ करत. आजही त्यांनी कागदी रुमालात चारही हाडं गोळा केली आणि जगावरून हात लांबवून रेणुकाच्या प्लेटमध्ये, तिच्या दोन हाडांवर, ठेवून दिली. बोटं पुसली. माळ पुन्हा कॉलरीबाहेर काढून छातीवर नीट घेतली. “धम्मरत्न, तुम्हीच काढा फोटो,” पुष्पांजली मॅडम म्हणाल्या, “तुमचा मोबाईल नवीन हाये.” तो उठून टेबलाच्या पलीकडे गेला. मोबाईल वर धरला, एक डोळा मिटला, आणि अगदी भाबडेपणाने म्हणाला, “रेणुकाताई, प्लेट जराशी पुढं घ्या ना. दिसत नाही फोटोत.”

रेणुकाने प्लेटकडे पाहिलं. तिने चमचा बाजूला ठेवला. बोटांनी एक हाडूक उचललं, उभी राहिली, आणि ते भगवानरावांच्या प्लेटमध्ये, उरलेल्या व्हेज भातावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. घाई न करता, बियाण्याच्या ट्रेमधून मेलेला दाणा उचलावा तितक्या हलक्या हाताने.

“काय करून राह्यली वं?” भगवानरावांचा आवाज चिरकला.

“हे तुमचे हायेत, साहेब,” रेणुका म्हणाली आणि चौथं ठेवलं. “माहे दोनच.”

ऑफिसात ती असं कधीच बोलत नसे. डिप्लोमाला असताना घासून घासून गुळगुळीत केलेली भाषा ती इथं वापरत आली होती, आणि आता डोणगावच्या घरातला आवाज तिच्या तोंडून आला. तो ऐकून तिचं तिलाच धाडस आलं.

पुष्पांजली मॅडम हसण्यावारी न्यायला लागल्या. “अगं, ते फोटो काढून राह्यले ना. मस्करी नंतर कर.”

“मस्करी नाही, मॅडम. मले चिकन आवडत नाही. कधीच नाही आवडलं. वास आला तरी मळमळते.”

“आं? मग तीन वर्षं खाल्लं काऊन?” मॅडमना खरंच समजत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, आणि तेच रेणुकाला सहन होईना. “सांगायचं ना एकदा. आम्ही काही खाऊन टाकलं असतं का तुले?”

लोणारच्या झाडापासून अन्नपूर्णाबाईंच्या जिन्यापर्यंत पुष्कळ काही तिच्या घशाशी आलं. ते सांगायला दुपार पुरली नसती, आणि ऐकणारं इथं कोणी नव्हतं. ती म्हणाली, “मले वाटलं, नाही म्हटलं तं तुमी खूश व्हाल.”

आत कढईवर झारा आपटत होता. भगवानराव आपल्या प्लेटमधल्या हाडांकडे पाहत होते आणि त्यांचा हात कागदी रुमालाकडे जाऊन परत येत होता. “काढ ना फोटो,” रेणुका धम्मरत्नला म्हणाली. “आता सगळं दिसून राह्यलं.” त्याने मोबाईल अजून वर धरलेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भगवानरावांकडे पाहिलं. सहा महिन्यांनी त्याला कायम करायच्या कागदावर त्यांची सही लागणार होती, हे रेणुकाला माहीत होतं. तिच्या कागदावरही लागली होती. त्याचा हात खाली आला. मोबाईल खिशात गेला. तो आपल्या खुर्चीवर, भगवानरावांच्या शेजारी, जाऊन बसला आणि पाणी प्यायला. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, असं तिला वाटलं. तरी तिने त्याला माफ केलं नाही.

ती खाली बसली. तिला निघून जाता आलं असतं. भगवानरावांना तेच हवं होतं, त्यांनी रस्त्याकडे पाहून खाकरूनही घेतलं. पण तिला भूक लागली होती. सकाळी सातपासून ती लॉट मोजत होती आणि चिवडलेल्या चिकन राईसने आणि दोन लॉलीपॉपनी पोट भरत नाही. तिने पाण्याचा जग उचलून बाजूला ठेवला. हात लांब करून मंचुरियनचा मोठा बाऊल आपल्याकडे ओढला, आणि आपला चमचा, मघापासून चिकनच्या सुपात फिरलेला तोच चमचा, त्यात घातला.

“अगं—” पुष्पांजली मॅडम म्हणाल्या. त्यांचा चमचा बाऊलकडे निघालेला होता, तो वाटेत थांबला, मग त्यांनी तो प्लेटच्या कडेला आडवा ठेवून दिला. भगवानरावांनी हात पुसून घेतले. धम्मरत्नच्या प्लेटमध्ये कोरडा भात उरला होता. त्याने बाऊलकडे पाहिलं आणि भात तसाच खाल्ला. वेटर येऊन विचारून गेला, “आणखी काही?”

रेणुका खात होती. फ्लॉवरचे तुकडे बाहेरून मऊ झाले होते पण आत अजून कुरकुरीत होते; लसूण होता, मिरची होती, व्हिनेगरचा आंबट झटका होता. घशाने दारं लावली नाहीत. तिला ते आवडलं. फार आवडलं. तीन वर्षं हे हातभर अंतरावर होतं. आता ते सगळंच्या सगळं तिचं होतं, कारण त्याला दुसरं कोणी हात लावणार नव्हतं.